शांतिदासांचा किनारा

युरोपच्या दक्षिणेस पसरलेल्या भूमध्य समुद्राच्या काठी जे हवामान आढळते, त्याला भूगोलाच्या पुस्तकांत एक वेगळे नावच देण्यात आले आहे. परंतु वर्धा जिल्ह्यातील कास्तकाराला ते समजावून सांगायचे झाले, तर तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, एवढे एक वाक्य पुरेसे होईल. विदर्भात मृग नक्षत्रापासून पुढच्या चार महिन्यांत वर्षाचे बहुतेक पाणी पडून जाते. तेथे नेमके हेच महिने सर्वांत कोरडे असतात, गहू थंडीच्या पावसावर वाढून जूनमध्ये कापणीला येतो, आणि त्यानंतरचा रखरखीत काळ काढण्याचे काम ऑलिव्ह, द्राक्ष, बदाम आणि अंजीर या खोल मुळांच्या झाडांवर सोपवलेले असते. वर्ध्याचे अक्षवृत्त पावणेएकवीस अंशांच्या आसपास, तर इटलीच्या टाचेवरील ब्रिंडिसी बंदराचे चाळीस अंशांच्या थोडे पुढे, म्हणजे जवळजवळ दुप्पट उत्तरेला आहे. त्यामुळे तेथला सूर्य तिरपा पडतो, आणि उत्तर युरोपातील ढगाळ शहरांतून आलेल्या माणसाला तो सुखाचा वाटतो. मार्सेय शहराला वर्षाकाठी सुमारे २,८०० तास ऊन मिळते, ही गोष्ट तेथील पर्यटन खाते जाहिरातीत सांगते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या वर्ध्यात उन्हाची जाहिरात करण्याची कल्पना अद्याप कोणाला सुचलेली नाही.

या किनाऱ्याविषयी मराठीत जे प्रवासलेखन होते, त्यात निळे पाणी, पांढरी घरे आणि फेसाळती कॉफी यांचाच भरणा अधिक असतो. वर्ध्याच्या बाजूने पाहिले असता मात्र या किनाऱ्याची ओळख निराळ्या वाटेने होते, कारण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील दोन-तीन बंदरे आणि सेवाग्राम-पवनारचा परिसर यांच्यामध्ये माणसांची खरीखुरी ये-जा होती, आणि त्या ये-जा करणाऱ्यांना समुद्रस्नानात रस नव्हता. कोरडवाहू जमिनीवर, थोड्या पाण्यात आणि हाताच्या कामावर माणसाला सन्मानाने जगता येते काय, हा त्यांचा प्रश्न होता. तो मनात ठेवून या किनाऱ्यावरील गावे पाहिली, तर ती जाहिरातीतील चित्रांपेक्षा बरीच ओळखीची वाटतात.

त्यांपैकी पहिले बंदर मार्सेय, म्हणजे मराठी वाचकाच्या परिचयाचे मार्सेलिस. ८ जुलै १९१० रोजी 'मोरिया' बोटीतून सावरकरांनी येथेच समुद्रात उडी घेतली, आणि त्यामुळे महाराष्ट्राच्या मनात हे शहर कायमचे एका दिवसाशी जोडले गेले. वस्तुतः इ. स. पूर्व ६०० च्या सुमारास ग्रीक दर्यावर्दींनी वसवलेले हे शहर कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातील वाचकाला आणखी एका कारणासाठी जवळचे वाटावे. सतराव्या शतकात भारतातून येणारे छापील सुती कापड येथे इतके लोकप्रिय झाले की त्याला 'अँदिएन', म्हणजे केवळ 'भारतीय', एवढेच नाव पडले आणि येथील कारागीर त्याच्या नकला छापू लागले; तेव्हा आपल्या रेशीम आणि लोकर विणकरांच्या रक्षणासाठी फ्रान्सच्या राजसत्तेने १६८६ मध्ये या कापडाच्या आयातीवर तसेच नकलेवर बंदी घातली, आणि ती १७५९ पर्यंत टिकली. त्याच काळात, १७२० साली, पूर्वेकडून कापडाच्या आणि कापसाच्या गाठी घेऊन आलेल्या एका जहाजाबरोबर प्लेग शहरात शिरला आणि निम्म्याच्या आसपास लोकसंख्या त्यात गेली. आज प्रोव्हान्स प्रांताच्या बाजारात पिवळ्या-निळ्या फुलांची जी सुती मेजवस्त्रे 'खास येथली' म्हणून प्रवाशांना विकली जातात, त्यांच्या नक्षीचे मूळ याच भारतीय छपाईत आहे. जवळच्या नीम शहराच्या जाड कापडावरून 'डेनिम' हा शब्द आला असे सांगतात, आणि 'डंगरी' हा शब्द मुंबईच्या डोंगरीवरून आला. जगभराच्या कामगारांच्या अंगावर ही दोन नावे शेजारी शेजारी आली, याचे आश्चर्य कोणी फारसे केलेले दिसत नाही.

याच बंदरातून ऑक्टोबर १९२५ मध्ये मॅडेलिन स्लेड भारताकडे निघाल्या. फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांनी गांधीजींवर लिहिलेले, १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेले चरित्र वाचून त्यांनी हा निर्णय घेतला होता, आणि पुढे मीराबेन या नावाने त्या वर्ध्याजवळच्या सिंदी गावात आणि नंतर सेगावात जाऊन राहिल्या. सेवाग्राम आश्रमात आज जी 'बापू कुटी' म्हणून दाखवली जाते, ती मुळात त्यांच्यासाठी उभी राहिली होती. ११ सप्टेंबर १९३१ रोजी गोलमेज परिषदेसाठी निघालेले गांधीजी 'राजपुताना' बोटीतून मार्सेयलाच उतरले, आणि चरखे, तुरुंगातील भांडी व काही पंचे एवढी आपली मालमत्ता त्यांनी तेथील जकात अधिकाऱ्यांना सांगितली. जुन्या बंदराच्या धक्क्यावर आज मासळीचा बाजार भरतो आणि शौकिनांच्या नौका डोलत असतात. या तिन्ही प्रसंगांपैकी कशाच्याही शोधात तेथे जाणाऱ्याने फार मोठ्या स्मारकाची अपेक्षा ठेवू नये.

परतीचे बंदर मात्र वेगळे होते, आणि या लेखाचा खरा मुलुख तेथून सुरू होतो. स्वित्झर्लंडमध्ये रोलाँ यांची भेट घेऊन, आणि त्यांना मुळीच न रुचलेली मुसोलिनीची भेट रोममध्ये उरकून, गांधीजी १४ डिसेंबर १९३१ रोजी ब्रिंडिसी येथे 'पिल्स्ना' बोटीवर चढले. त्यानंतर ते पुन्हा कधी युरोपात गेले नाहीत. ब्रिंडिसी हे रोमहून निघणाऱ्या प्राचीन आप्पिया मार्गाचे शेवटचे टोक. पायऱ्यांच्या माथ्यावर येथे दोन रोमन स्तंभ होते, त्यांतील एक आज उभा आहे आणि दुसऱ्याचे तुकडे शेजारच्या लेच्चे शहराला प्लेगमधून वाचल्याच्या नवसापोटी देण्यात आले. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडल्यावर या झोपाळू गावाचे दैव काही काळ फिरले, कारण लंडनहून रेल्वेने येणारी भारताची डाक येथे बोटीवर चढू लागली, आणि पहिल्या महायुद्धापर्यंत मुंबईकडे येणाऱ्या पत्रांचा हा राजमार्ग राहिला. त्याच काळात वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटचा कापूस स्वतःच्या नावानिशी परदेशी बाजारात ओळखला जात होता, म्हणजे एका बाजूने पत्रे येत होती आणि दुसऱ्या बाजूने गाठी जात होत्या.

ब्रिंडिसी ज्या प्रांतात आहे त्याचे नाव पुल्या. या नावाची फोड 'पाऊस नसलेला' अशी करण्याचा एक लोकप्रचार आहे. भाषाशास्त्र त्याला दुजोरा देवो न देवो, जमीन देते. वर्ध्यात वर्षाला सुमारे १,००० मिलिमीटर पाऊस पडतो, ब्रिंडिसीच्या परिसरात त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक. परंतु खरा फरक पाण्याच्या मापापेक्षा खालच्या दगडात आहे. वर्धा जिल्हा काळ्या पाषाणावर आणि त्यापासून झालेल्या काळ्या मातीवर बसला आहे, आणि ती माती पाणी धरून ठेवते. पुल्या चुनखडीवर बसला आहे; चुनखडी पाण्यात विरघळते, तिच्यात भेगा आणि गुहा पडतात, आणि पडलेला पाऊस वर न वाहता थेट पाताळात जातो. दक्षिणेकडील सालेंतो या भागात त्यामुळे नाव घेण्याजोगी नदीच नाही. धाम नदीच्या काठी वाढलेल्या माणसाला नदीवाचून गाव ही कल्पना चमत्कारिक वाटेल, पण तेथे शतकानुशतके छपरावरचे पाणी पन्हाळीने घराखालच्या टाक्यात उतरवून त्यावरच वर्ष काढले जात असे. १९०६ मध्ये सुरू झालेल्या एका प्रचंड जलवाहिनीने पर्वतरांग ओलांडून पश्चिमेकडील सेले नदीचे पाणी या बाजूला आणले, आणि १९१५ मध्ये ते बारी शहरात पोहोचले. त्यापूर्वी बारीसारख्या बंदरातही पिण्याचे पाणी विकत घ्यावे लागे. समुद्रकाठी असूनही पाण्यासाठी तहानलेला, असा हा मुलुख आहे.

चुनखडीने येथील घरेही घडवली. शेत मोकळे करायचे म्हणजे आधी दगड वेचायचे, आणि वेचलेल्या दगडांची चुना-मातीवाचून रचलेली गडगी शेताभोवती उभी करायची, हे येथील शेतीचे पहिले काम. विदर्भातील शेताचा धुरा मातीचा असतो, येथला दगडाचा. या बिनचुन्याच्या रचनेला युनेस्कोने २०१८ मध्ये इटलीसह आठ देशांचा सामाईक वारसा म्हणून मान्यता दिली. आल्बेरोबेल्लो गावातील 'त्रुल्ली', म्हणजे दगडाच्या चकत्या एकावर एक सरकवत टोकदार छप्पर केलेली घरे, याच तंत्राची आहेत; नवी वस्ती वसवल्यास राजाला कर द्यावा लागे म्हणून तेथील सरदाराने आपल्या कुळांना चुना वापरू दिला नाही, तपासनीस आला की छप्पर उतरवून टाकता यावे असा त्यामागे हिशोब होता, असे परंपरा सांगते. १७९७ मध्ये गावाला सरदाराच्या तावडीतून सोडवण्यात आले, आणि १९९६ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. गरिबीची आणि करचुकवेगिरीची ही घरे आज मुक्कामासाठी चढ्या दराने भाड्याने मिळतात. थोड्या अंतरावरील ओस्तुनी हे टेकडीवरचे गाव चुन्याने पांढरे रंगवलेले असल्यामुळे 'पांढरे शहर' म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या पायथ्याशी समुद्रापर्यंत पसरलेले ऑलिव्हचे सपाट रान गावाइतकेच, किंबहुना अधिक, पाहण्यासारखे आहे.

या रानातून विखुरलेल्या तटबंदीच्या वाड्यांना 'मास्सेरिया' म्हणतात. मालकाचे घर, तेलाचा घाणा, गोठा, धान्याची कोठी आणि सालदारांच्या खोल्या या सगळ्यांभोवती एक जाड भिंत, असे तिचे स्वरूप असते, आणि वऱ्हाड-नागपूरकडच्या मालगुजाराचा वाडा ज्याने पाहिला आहे त्याला तिचा अर्थ सांगावा लागत नाही. मालक बहुधा शहरात राही, आणि रोजमजूर पहाटे गावच्या चौकात कामासाठी उभे राहत. जमिनीची भूक येथे इतकी तीव्र होती की दुसऱ्या महायुद्धानंतर भूमिहीनांनी पडीत जमिनी ताब्यात घेण्यास सुरुवात केली, आणि १९५० मध्ये इटलीच्या सरकारला मोठ्या जमीनदारांची काही जमीन काढून वाटण्याचा कायदा करावा लागला. विनोबा भावे पवनारहून पायी निघाले आणि पोचमपल्ली येथे १८ एप्रिल १९५१ रोजी भूदानाची सुरुवात झाली, ती त्यानंतर केवळ काही महिन्यांनी. एकाच प्रश्नाला दोन टोकांना दोन उत्तरे शोधली जात होती, आणि दोन्ही उत्तरे अर्धवट राहिली.

अशाच एका मास्सेरियात, ब्रिंडिसीपासून सुमारे २० किलोमीटरवरील सान व्हितो देई नोर्मान्नी या गावाच्या हद्दीत, २९ सप्टेंबर १९०१ रोजी लान्झा देल व्हास्तो यांचा जन्म झाला. वडील सिसिलीच्या सरदार घराण्यातील, आई बेल्जियमची, शिक्षण पॅरिस, फ्लॉरेन्स आणि पिसा येथे, विषय तत्त्वज्ञान. असा हा कविमनाचा धिप्पाड माणूस, मीराबेनना ज्याने घरातून बाहेर काढले तेच रोलाँ यांचे पुस्तक वाचून, १९३६ च्या अखेरीस भारताकडे निघाला आणि १९३७ मध्ये वर्ध्याला पोहोचला. गांधीजी तोवर, ३० एप्रिल १९३६ पासून, सेगावात राहू लागले होते. जमनालाल बजाज यांच्या मालगुजारीतील या खेड्याला सेवाग्राम हे नाव १९४० मध्ये मिळाले. वर्धा शहरात मगनवाडी येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम १९३४ च्या अखेरीपासून चालू होते, तेथे घाणी, हातकागद, मधमाशा आणि चरखा यांवर प्रयोग होत असत. तेलाचे घाणे आणि ते फिरवणारे मजूर असलेल्या वाड्यांच्या मुलखात जन्मलेल्या तरुणाने हजारो मैल प्रवास करून येथे सूत कातण्यास शिकावे, यात एक तीव्र विसंगती आहे, आणि ती त्याला स्वतःलाही जाणवली असली पाहिजे. गांधीजींनी त्याला शांतिदास हे नाव दिले. येथून तो गंगेच्या उगमाकडे गेला, आणि १९४३ मध्ये त्याने फ्रेंच भाषेत प्रसिद्ध केलेल्या प्रवासग्रंथाने युद्धात होरपळलेल्या फ्रान्समध्ये वर्ध्याचे नाव घरोघर पोहोचवले.

पुल्याच्या आजच्या प्रवाशाला शांतिदासांचा मुलुख दोन आपत्तींसह दिसतो. सालेंतोतील गाल्लीपोली हे गाव (तुर्कस्तानातील युद्धप्रसिद्ध गाल्लीपोली निराळे) अठराव्या शतकात दिव्याच्या तेलासाठी विख्यात होते. जमिनीखाली खोदलेल्या घाण्यांतून निघालेले त्याचे तेल लंडनपर्यंत दिवे उजळत असे. याच गावाच्या परिसरात २०१३ मध्ये 'झायलेला' नावाचा जिवाणू ऑलिव्हच्या झाडांत आढळला. झाडाच्या खोडातील पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तो बुजवतो, थुंकीसारख्या फेसात वाढणारा एक लहान कीटक त्याला झाडाझाडांवर नेतो, आणि भरपूर पाणी असूनही झाड तहानेने वाळते. लाखो झाडे अशी गेली, त्यांत कित्येक शतके वयाचीही होती. विदर्भाने २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीचे संकट पाहिले आहे. पण पऱ्हाटी उपटून पुढच्या मृगात पुन्हा पेरता येते, आजोबांच्या पणजोबांनी लावलेल्या झाडाच्या बाबतीत तसे होत नाही. लेच्चेहून ओत्रांतोच्या किनाऱ्याकडे जाताना राखाडी सांगाड्यांची ही राने दिसतात, आणि कोवळ्या दगडात कोरलेल्या लेच्चेच्या देखण्या चर्चपेक्षा तीच अधिक काळ डोळ्यांपुढे राहतात.

दुसरी आपत्ती माणसांची आहे. येथील भाजीपाला आणि टोमॅटो तोडणारे हात आता बहुतांशी परदेशी आहेत, आणि मुकादमामार्फत मजूर पुरवण्याच्या पद्धतीला इटलीत कायद्याने बंदी असूनही ती मोडलेली नाही. जून २०२४ मध्ये रोमच्या दक्षिणेकडील किनारी सपाटीवर एक भारतीय शेतमजूर यंत्रात हात तुटल्यावर उपचारांवाचून घराबाहेर सोडून दिला गेला आणि मरण पावला, तेव्हा सारा देश हादरला. मास्सेरियांची आरामदायी हॉटेले झाली आहेत, त्यांच्या घाण्याच्या खोलीत जेवणाची मेजे आहेत. त्या मेजांवर येणारे पदार्थ मात्र मजुरांचेच आहेत: वाळवलेल्या शेंगवर्गीय दाण्यांचे घोटलेले वरण आणि त्यासोबत कडसर रानभाजी, किंवा 'फ्रिसेल्ला' ही जवाची दोनदा भाजलेली कडक चकती, जी खाण्यापूर्वी पाण्यात बुडवावी लागते. तुरीचे वरण आणि अंबाडीची भाजी खाऊन वाढलेल्या माणसाचे तेथे अडू नये. प्रवासात महिनाभर टिकणाऱ्या वस्तूंचे ज्याला कौतुक आहे त्याने वर्ध्याचा गोरसपाक, म्हणजे तुपातले बिस्किट, सोबत नेऊन फ्रिसेल्लाच्या शेजारी ठेवून पाहावा. तुपाच्या बाबतीत तुलना संपते, टणकपणाच्या बाबतीत ती चुरशीची होते.

शांतिदासांनी आपला आश्रम मात्र जन्मभूमीत न काढता फ्रान्समध्ये काढला. १९४८ मध्ये पश्चिम फ्रान्समध्ये स्थापन झालेली 'आर्श', म्हणजे महाप्रलयातील नौका, ही त्यांची वसाहत १९५४ मध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यात आणि १९६३ मध्ये लांगदोक प्रांतातील ला बोरी नोब्ल या उजाड वाडीवर आली. सेतच्या बंदरापासून आणि 'तो' नावाच्या खाऱ्या सरोवरातील शिंपल्यांच्या शेतीपासून मोंपेलिए आणि लोदेव्हमार्गे उत्तरेकडे चढत गेले की द्राक्षमळे मागे पडतात आणि लार्झाकचे चुनखडीचे पठार येते. तेथील मेंढ्यांच्या दुधापासून रोकफोर हे निळ्या शिरांचे चीज होते. शांतिदासांच्या वाडीत नांगर घोडे ओढत, सूत आणि कापड घरी होई, वीज नव्हती, आणि सदस्य सात व्रते घेत. सेवाग्रामच्या एकादश व्रतांशी त्यांचे नाते उघड आहे. तथापि शांतिदास स्वतः कॅथलिक श्रद्धेचे राहिले, आणि लांब दाढीचा कुलपिता मध्यभागी असलेली त्यांची वसाहत आश्रमापेक्षा मध्ययुगीन मठाच्या अधिक जवळची होती, असेच म्हणावे लागते. १९५४ मध्ये ते पुन्हा भारतात आले, विनोबांबरोबर पायी चालले, आणि त्या चालण्यावर त्यांनी पुस्तक लिहिले.

हे चालणे कामी आले ते लार्झाकवर. पठारावर सुमारे ३,००० हेक्टरांची लष्करी छावणी होती; १९७१ मध्ये फ्रेंच सरकारने ती १७,००० हेक्टरांपर्यंत वाढवण्याचे जाहीर केले. पुलगावला देशातील एक मोठे दारूगोळा भांडार असल्यामुळे लष्कर आणि शेती शेजारी राहणे म्हणजे काय, हे वर्धा जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. मार्च १९७२ मध्ये ला काव्हालरी या गावात शांतिदासांनी पंधरा दिवसांचे उपोषण केले, त्या उपोषणाच्या काळातच १०३ शेतकऱ्यांनी आपली जमीन न विकण्याची लेखी शपथ घेतली, आणि पुढील दहा वर्षे हा लढा शस्त्रावाचून चालला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयफेल टॉवरच्या पायथ्याशी साठ मेंढ्या चरायला सोडण्यात आल्या होत्या. शांतिदास जानेवारी १९८१ मध्ये स्पेनमध्ये वारले आणि त्यांना ला बोरी नोब्ल येथे पुरण्यात आले. त्यानंतर काही महिन्यांतच नव्या राष्ट्राध्यक्षांनी छावणीची वाढ रद्द केली.

भूमध्य किनाऱ्यावर गांधीविचाराचा दुसरा मोठा प्रयोग सिसिलीत झाला, त्याचा येथे उल्लेख तेवढा करता येईल. दानिलो दोल्ची यांनी २ फेब्रुवारी १९५६ रोजी बेकारांना घेऊन सरकारने टाकून दिलेला रस्ता विनामोबदला दुरुस्त करण्यास घेतला आणि त्याला 'उलटा संप' म्हटले. श्रमदान हा शब्द ज्यांच्या कानांवरून गेला आहे त्यांना ते समजेल, इटलीच्या पोलिसांना समजले नाही आणि दोल्चींना तुरुंगात जावे लागले. १९८९ मध्ये त्यांना जमनालाल बजाज यांच्या नावाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

लार्झाकवर सरकारने छावणीसाठी आधीच विकत घेऊन ठेवलेल्या सुमारे ६,३०० हेक्टर जमिनीचे काय करायचे, हा प्रश्न लढा जिंकल्यावर उरला होता. १९८५ मध्ये ती शेतकऱ्यांच्याच एका संस्थेला दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देण्यात आली, आणि तो पट्टा आता २०८३ पर्यंत वाढवण्यात आला आहे. संस्थेकडून जमीन मिळालेला शेतकरी ती कसू शकतो, विकू शकत नाही, वारसाहक्काने देऊ शकत नाही, आणि कामातून निवृत्त झाला की ती पुढच्या तरुण कुटुंबासाठी परत करतो. ग्रामदानाच्या सभांमधून विनोबा जे समजावत असत, त्याच्याशी हे इतके मिळतेजुळते आहे की पवनारहून आलेल्या माणसाला तेथे दुभाष्याची गरज भासणार नाही. दिवाळीच्या सुमारास त्या पठारावर पावसाळा नुकता सुरू झालेला असतो, आणि छावणीच्या जुन्या कुंपणाबाहेरच्या जमिनीवर मेंढ्या चरत असतात.